चहा संपेस्तोवर

चैत्र लागला की आमच्या घरची सकाळ साडेतीनला होते. आई सगळ्यांच्या आधी उठते. अंगणातला बल्ब लावण्याआधीच ती कोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि अंधारात कानोसा घेते. चार बैलांचे चार श्वास तिला वेगवेगळे ओळखू येतात. रवंथाचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडतो. एखादा गप्प असला तर ती बल्ब लावते आणि त्याच्या नाकावर हात ठेवते. नाक दव पडल्यासारखं ओलं लागलं तर जनावर बरं आहे. कोरडं लागलं तर त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, मग बाबा काहीही म्हणोत. कोठ्याच्या बाबतीत आमच्या घरी शेवटचा शब्द आईचा असतो, आणि तो ती शक्यतो साडेतीन ते चारच्या दरम्यान बोलून मोकळी होते.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. मी वर्ध्याला शाळेत शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागली की पिशवी उचलून सरळ गावी येते. ४५ डिग्रीच्या उन्हात कोणी मुद्दाम गावी जातं का, असं माझ्यासोबतच्या बाया दरवर्षी विचारतात. जाते, कारण आमच्याकडे पटाचे बैल आहेत. पट हिवाळ्यात असतो, पण पटाचा बैल घडतो तो उन्हाळ्यात.

शंकरपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचीच ही आमच्याकडची बहीण. संक्रांत झाली, शेतं मोकळी झाली की गावोगावी पट भरतात. दोन बैलांची जोडी, मागे अगदी हलकी गाडी आणि तिच्यावर एकच माणूस, तो धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळाशी पळते आणि सेकंदाचे तुकडे मोजून नंबर लागतो. आमच्या भागात नदीपलीकडच्या तळेगाव दशासरच्या पटाचा मान मोठा. तिकडे पूर्वेला झाडीपट्टीत पट असला की रात्री नाटक ठरलेलंच. लोक ट्रॅक्टर भरभरून येतात, लाउडस्पीकरवरून जोडीवाल्याचं नाव पुकारलं जातं, झेंडी पडते, आणि पापणी चारदा लवेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. धुरळा खाली बसायला त्याहून जास्त वेळ लागतो.

त्या सेकंदांच्या मागे जे वर्ष उभं असतं ते पाहायला कोणी येत नाही. शेण, पाणी, कुटार, पुन्हा पाणी. मला तेच लिहायचं आहे.

आमचे चारही बैल गवळाऊ जातीचे. पांढरे, लांबट तोंडाचे, काटक पायांचे. हे जनावर वर्धा, नागपूर आणि सातपुड्याकडच्या छिंदवाडा पट्ट्यातलं. नंदगवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ते जपलं. कारंजा घाडगे तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्रही आहे. जुने लोक सांगतात की नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचं सामान वाहायला हेच बैल असत, म्हणून त्यांची चाल अशी झपाझप. खिल्लारासारखी त्यांची शिंगं डोळ्यांत भरत नाहीत. बाजारात नवखा माणूस त्यांच्याकडे पाहून पुढे जातो. पण गवळाऊ चालायला लागला की थांबून पाहावं. पाय जमिनीला लागतो न लागतो तोच उचललेला असतो.

चार वाजता बाबा आणि दादा राजा-बादलची जोडी बाहेर काढतात. ही आमची पटाची जोडी. अंधारात पांदणीने दोन पांढऱ्या पाठी तेवढ्या पुढे पुढे जाताना दिसतात. गाडी जुंपलेली असते, पण पळवायचं नसतं. उन्हाळ्यात फक्त चालवायचं. पांदणीने नदीपर्यंत, मग पात्रातल्या कोरड्या रेतीतून अर्धा तास, मग परत. रेतीत पाय रुतत असल्याने हळू चालूनही मांड्या आणि खांदे भरतात, आणि खूर कडक जमिनीवर आपटत नाहीत. बाबांना हे त्यांच्या बाबांनी शिकवलं. दादा मोबाईलमध्ये जोड्यांचे व्हिडिओ पाहतो, नव्या गोष्टी करून पाहतो, पण रेतीतलं चालणं त्याने बदललं नाही.

सहाच्या सुमारास जोडी परत येते. जू उतरलं की लगेच पाणी दाखवायचं नाही. आधी अंगणात निंबाखाली दहा-पंधरा मिनिटं उभं करायचं, नारळाच्या शेंडीने पाठ, पोट, मांड्या चोळायच्या. वहिनी ते करते. तिच्या माहेरी बैल होते पण पटाचे नव्हते. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती बादलजवळ जायला भ्यायची. आता ती आली की बादल मान खाली घालून कानामागची जागा तिच्यापुढे करतो. तिथे खाजवलं की त्याचे डोळे मिटतात. गोचीड शोधायची तर तीही तिथे, शेपटीखाली आणि मागच्या मांड्यांच्या सांदीत. वहिनीची बोटं डोळ्यांपेक्षा आधी गोचीड ओळखतात.

आठ वाजता सगळं बंद. आठनंतर कोणत्याही कारणाने जू नाही. हा नियम आमच्या घरी २०१९ च्या मे महिन्यापासून आहे, आणि तो कसा आला तेही सांगायला हवं.

त्या दिवशी बाबा एका लग्नाला गेले होते. रात्री पाहुणे होते म्हणून दादा उशिरा उठला आणि सातच्या पुढे त्याने जोडी काढली. येता येता साडेनऊ वाजले. उन्हाचा चटका तेव्हाच असा होता की अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. अंगणात शिरला तेव्हा बादलचं तोंड उघडं होतं, जीभ बाहेर, हनुवटीवरून लाळेच्या तारा लोंबत होत्या. बैल तोंड उघडून धापा टाकायला लागला की समजावं, आता तो आपल्या हातातून निघून चालला आहे. जू उतरवलं तर तो दोन पावलं चालला आणि पुढच्या गुडघ्यांवर बसला. दादा नुसता उभा राहिला. आईने पापडाचं पीठ मळता मळता पाहिलं आणि पिठाच्या हातांनीच धावत आली. हौदातली बादली तिने आधी त्याच्या पायांवर ओतली, मग पोटाखाली, मग मानेवर. पोत्यांची बारदानं भिजवून पाठीवर टाकली, ती गरम झाली की काढून दुसरी. मी मोटर चालू करून नळी धरली. डॉक्टर आले तेव्हा ताप १०६ च्या वर होता. निरोगी बैलाचा असतो १०१-१०२. त्यांनी शिरेतून सलाईन लावलं, बाटली मी धरून उभी होते. तिसरी बाटली संपत आली तेव्हा बादलने कान हलवला. एक माशी त्याच्या कानावर बसली होती, आणि तो कान हलला. तोवर किती तरी माश्या येऊन बसल्या होत्या आणि काहीच हललं नव्हतं. आई तिथेच मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

बाबा संध्याकाळी आले. ते दादाला एक शब्द बोलले नाहीत. कोठ्याच्या भिंतीवर खिळा ठोकून त्यांनी एक घड्याळ लावलं. ते अजून तिथे आहे.

दुपार म्हणजे पाण्याची लढाई. एका बैलाला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागतं, आणि ते गार लागतं. सिमेंटच्या हौदातलं पाणी दुपारी कोमट होतं, मग बैल तोंड लावून बाजूला होतात. म्हणून आईने निंबाच्या सावलीत मोठाले माठ अर्धे जमिनीत पुरून ठेवले आहेत. सकाळी भरायचे, बारा वाजता त्यातलं पाणी बादलीत काढून हौदातल्या पाण्यात मिसळायचं. पाण्यात ती मूठभर कणीक आणि गुळाचा खडा टाकते, चिमूटभर खडेमीठ. पूर्वी मला वाटायचं ते ताकदीसाठी असावं. एकदा विचारलं तर म्हणाली, "ताकद कायची? चवीसाठी टाकतो." पटाचा बैल परगावी गेला की परकं पाणी पीत नाही. वास घेतो आणि मान वळवतो. आदल्या रात्री पाणी प्यायला नाही तर सकाळी पळणार काय? पण उन्हाळाभर त्याच्या जिभेवर आईच्या गूळ-कणकेची चव बसलेली असते. तिकडे गेलं की दादा त्याच गुळाचा खडा आणि तीच कणीक तिथल्या पाण्यात टाकतो, आणि बैलाला ते घरचं पाणी वाटतं. पटात जोडीवाल्याचं नाव पुकारतात तेव्हा मला हा गुळाचा खडा हटकून आठवतो. आई आजवर कधी पटाला गेलेली नाही. तळेगावच्या पटात आता बायकाही जोड्या हाकतात, चल म्हटलं तर म्हणते, "घरी दोन ढोरं राहतात न, त्यायले कोण पाह्यल?"

चारा दुपारी घालायचा नाही, हीही तिचीच शिस्त. तिचं म्हणणं, दुपारी खाल्लं की पोटात भट्टी पेटते. मी नंतर वाचलं की ते अगदी खरं आहे. बैलाच्या पोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि ती बाहेर टाकायला दुपारी हवाच थंड नसते. म्हणून कडब्याची कुट्टी आणि तुरीचं कुटार रात्री आठनंतर आणि पहाटे. सरकीची ढेप एरवीपेक्षा निम्मी करायची, त्याच्या जागी चुनी आणि गव्हाचा कोंडा भिजवून. कोठ्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर, पश्चिमेला ओल्या बारदानांचे पडदे. घरात दोन कूलर आहेत, त्यातला मोठा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की कोठ्यात जातो. पण बाबा समोरासमोरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवायला लावतात. कोठा बंद करून कूलर लावला तर आत दमट होतं, अंगावरचा घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर गार वाऱ्यातही जनावराला ऊन लागल्यासारखंच होतं. गवळाऊला घाम चांगला येतो, त्याची कातडी सैल असते, म्हणून तो हे ऊन सोसतो. त्याला फक्त वारा हवा.

पाचच्या पुढे पोरं बैलांना निम्न वर्धा धरणाच्या फुगवट्याकडे नेतात. माझा भाचा दहा वर्षांचा आहे, तो राजाच्या शेपटीला धरून पाण्यात शिरतो. बैल पोहायला लागला की पाण्यावर नुसतं नाक, शिंगं आणि वशिंडाचा उंचवटा दिसतो. पोहण्याने फुप्फुसं भरतात आणि सांध्यांवर भार येत नाही, असं दादा सांगतो. मला ते पाहायला आवडतं हे माझं कारण.

मे महिन्यात बाकीची कामंही उरकायची असतात. पावसाआधी घटसर्प आणि एकटांग्याच्या लशी. नालबंद येतो, बैल दोरांनी आडवा पाडतो, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एकेका पायाला दोन अशा आठ पत्र्या ठोकतो. शेताची उन्हाळवाही ट्रॅक्टरने होते, पण धुऱ्याकाठच्या, म्हणजे बांधालगतच्या, तासांवर अजून बैलांचंच वखर फिरतं.

आता हरण्याबद्दल.

हरण्या आमच्या घरी २०१० च्या दिवाळीत जन्मला. त्याच्या आईची आई आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नंदगवळ्यांच्या कळपातून आणली होती. वासरू असतानाच तो असा उड्या मारायचा की आबाजींनीच नाव ठेवलं, हरण्या. दोन वर्षांचा झाल्यावर वेसण घातली, तिसऱ्या वर्षी हलकं जू. आबाजी तेव्हा थकले होते, खाटेवरून पाहायचे. त्यांनी बाबांना सांगितलं होतं, हा चार वर्षांचा झाल्याशिवाय पटावर न्यायचा नाही, हाडं पक्की होऊ द्यायची. चार वर्षं २०१४ च्या दिवाळीत पूर्ण होणार होती.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती, दोन्ही बंद. त्याच्या आधी २०११ पासूनच केंद्राच्या अधिसूचनेमुळे कधी बंद, कधी चालू असं होतं, पण हा निकाल शेवटचा वाटला. मे महिनाच होता. बाबांनी बातमी ऐकली, टीव्ही बंद केला आणि उठून कोठ्यात गेले.

कोर्ट चूक होतं असं मी म्हणणार नाही. पटावर मी काय काय पाहिलं आहे ते मला माहीत आहे. तुतारीचं, म्हणजे बैल हाकायच्या टोचणीचं, लोखंडी टोक मांडीत घुसलेलं पाहिलं आहे. शेपटी पिरगळलेली, दातांनी चावलेली पाहिली आहे. बॅटरीचा शॉक देणारे लोक होते आणि त्यांना टाळ्या मिळत. आमच्या कोठ्यात तुतारी नव्हती, आबाजींनी ती कधी येऊ दिली नाही. पण ज्यांच्या कोठ्यात होती त्यांना आम्ही कधी काही बोललो का? नाही बोललो. पट एकच होता, आम्ही सगळे त्याच झेंडीखाली उभे होतो. म्हणून बंदी आली तेव्हा ती सगळ्यांवर आली, आणि ते सोसणं आमच्या वाट्याला येणं मला तरी अन्यायाचं वाटलं नाही. अन्याय वाटला तो हरण्यासाठी. त्याने काहीच केलं नव्हतं.

लोक म्हणाले, विका. पळण्यासाठी पोसलेला बैल, शेतकामाला एवढी ढेप कशाला? बाबांनी विकला नाही. त्याला वखराला जुंपला, बंडीला जुंपला, पण पहाटेचं चालणं सोडलं नाही. २०१५ चा उन्हाळा, २०१६ चा उन्हाळा. २०१७ साली राज्याने कायदा केला तेव्हा हरण्या सातव्या वर्षात होता, बैलाच्या ऐन भराचं वय. बाबांनी नवी गाडी करायला टाकली. मग त्या कायद्यावरही हायकोर्टात स्थगिती आली आणि सुताराकडून गाडी आली ती तशीच मांडवात उभी राहिली. तिच्या साट्यावर आई वाळवणाच्या परड्या ठेवायची.

१६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली. हरण्या अकरा वर्षांचा झाला होता. पटाच्या बैलाचं पळायचं वय दहा-अकरापर्यंत असतं, चांगला सांभाळला तर. दादा म्हणाला, एकदा तरी नेऊ. बाबा त्या रात्री बराच वेळ हरण्याच्या पुढच्या पायांवरून हात फिरवत बसले होते. सकाळी म्हणाले, "नाही. गुडघे सांगून राह्यले." मग राजा आणि बादल उतरले. पुढे २०२२ च्या पावसाळ्यात जनावरांत लम्पीची साथ आली, बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. त्यानंतर १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. पुन्हा मे महिनाच. आई गच्चीवर कुरडया घालत होती. आता काठी, चाबूक, तुतारी, शॉक काही चालत नाही, पळण्याआधी डॉक्टर जनावर तपासतात, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे नियम कागदावरून मैदानात उतरतील का, ते सर्वस्वी आम्हा जोडीवाल्यांवर आहे. यावेळी पाहून गप्प बसायचं नाही, एवढं आमच्या घरी ठरलं आहे.

हरण्या पटावर एकदाही पळाला नाही. आता पंधरा पार करून गेला आहे. आणि आज आमच्या कोठ्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम त्याच्याकडे आहे.

बाबा म्हणतात, "पयनं बैलाच्या आंगातच हाय. ते शिकवा नाही लागत. उभं राह्यनं शिकवा लागते." पटावर जोडी आणली की समोर हजारो लोक, डफडी, लाउडस्पीकर, शिट्ट्या. झेंडी पडायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. तेवढ्या वेळात जो बैल नाचतो, तो आपली ताकद तिथेच सांडतो. एक आधी सुटला तर जू तिरपं होतं, दुसऱ्याची मान आवळते, गाडी बाहेर जाते, धुरकरी पडतो. जी जोडी दगडासारखी उभी राहते, तीच सरळ सुटते.

आबाजींनी यासाठी एक रीत घातली होती. नव्या गोऱ्ह्याला जुन्या बैलासोबत जुंपायचं, पांदणीच्या तोंडाशी आणायचं, गाडीवर बसून घरून चहा मागवायचा आणि तो सावकाश प्यायचा. चहा संपेस्तोवर बैलाने उभं राहायचं. कासरा ओढायचा नाही, ओरडायचं नाही. गोऱ्हा सुटला तर सुटू द्यायचा, थोडं पुढे जाऊन पुन्हा जागेवर आणायचा, पुन्हा चहा मागवायचा. हरण्या तिसऱ्या वर्षी ही रीत शिकला आणि पुढची सात वर्षं, पट बंद असतानाही, बाबांनी रोज पहाटे त्याच्या मागे बसून चहा घेतला. झेंडी कधी पडणारच नव्हती. तरी तो उभा राहायचा.

यंदा त्याच्या शेजारी पाखऱ्या आहे. तीन वर्षांचा गोऱ्हा, अंगात वारं भरलेला. एप्रिलमध्ये जुंपायला सुरुवात केली. मी आले त्या दिवशी पहाटे पाहायला गेले, तर आई किटली घेऊन निघाली होती. तिने पेला भरून बाबांच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरली तोच पाखऱ्याने उसळी मारली. गाडी हिसका बसून पुढे गेली, चहा बाबांच्या धोतरावर. हरण्याने मात्र चारही पाय रोवले. जू त्याच्या बाजूला कचकन वाकलं, मानेची कातडी गोळा झाली, आणि त्याने पाखऱ्याला आपल्या वजनाने धरून ठेवलं. त्याने शिंग मारलं नाही, फुरफुरला नाही. बाबा खाली उतरले, धोतर झटकलं, पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "होते बाप्पा, होते," म्हणाले. आईने पुन्हा पेला भरला. त्या पहाटे चारदा चहा झाला.

नंतर रोज जायला लागले. पाखऱ्याचं शरीर मला वाचता यायला लागलं. सुटण्याआधी त्याची शेपटी ताठ होते, मग मागच्या उजव्या पायाचा खूर मातीत रुततो, मग कान मागे. त्याच वेळी हरण्या नाकातून एक लांब श्वास सोडतो. आधी वाटायचं योगायोग असेल. पण आठवडाभर पाहिलं, प्रत्येक वेळी तेच. पाखऱ्याचा कान मागे गेला की हरण्याचा तो श्वास. आणि हळूहळू त्या श्वासाने पाखऱ्याचा कान पुन्हा पुढे यायला लागला. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुले आत्ता समजलं का वो बाई?"

नवतपा सरत आला होता. पश्चिमेकडे ढग नुसतेच येऊन जात होते. माझ्या सुट्टीचे चारच दिवस उरले होते. त्या पहाटे वारा पडलेला होता आणि नदीकडून कोणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. जोडी पांदणीच्या तोंडाशी आली. आई किटली घेऊन आली, पेला दिला. बाबांनी बशी मागितली. बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला लागले. मी मनात मोजायला लागले. शंभरापर्यंत पोचले. कुत्रं जवळ आलं, अगदी चाकाजवळून भुंकत गेलं. पाखऱ्याची शेपटी ताठ झाली. खूर मातीत रुतला. हरण्याने श्वास सोडला. दोनशेपर्यंत पोचले. बाबांनी उरलेला चहा बशीत ओतला, पेला उलटा करून झटकला, बशी तोंडाला लावली आणि रिकामी बशी आईकडे दिली.

पाखऱ्या उभा होता. त्याच्या नाकाच्या टोकावर थेंब जमला होता, तोही पडला नव्हता.

बाबा गाडीवरून उतरले आणि जुवाच्या शिवळा काढायला लागले. मला वाटलं आता तरी रेतीत थोडा सोडतील, निदान चार पावलं.

"आज पयवत नाही का बाबा?"

"आज कायले?" बाबांनी जू उचललं, आधी हरण्याच्या मानेवरचं, मग पाखऱ्याच्या. "आज उभा राह्यला न."